आपल्या नावाची पाटी दुसरीच्या दुकानावर: आधी कोणते कागद हवेत?



हल्ली महिन्यातून एखादा तरी फोन असा येतोच. "ताई, आमच्या गटाचा मसाला पलीकडच्या तालुक्यातल्या एका बाईला लई आवडलाय. ती म्हणते, तुमच्याच नावाने मी तिकडे दुकान टाकते, महिन्याला पाच हजार देते. द्यायचं का नाव?" कधी मसाल्याच्या जागी पुरणपोळी असते, कधी खानावळ, कधी शिवण क्लास. ऐकून बरं वाटतं. दहा वर्षांपूर्वी ज्या बायकांना बाजारात बसायला जागा मिळत नव्हती, त्यांच्या नावाला आज कुणीतरी पैसे मोजायला तयार आहे.

आपण याला "शाखा दिली" म्हणतो. पण शाखा वेगळी आणि फ्रँचायझी वेगळी. शाखा आपली असते. तिथलं भाडं आपण भरतो, नफाही आपला आणि तोटाही आपलाच. फ्रँचायझीत दुकान तिचं, भांडवल तिचं, राबणारी तीच. आपलं असतं ते नाव, करायची पद्धत आणि बहुतेक वेळा माल. गिऱ्हाईकाला मात्र हा फरक दिसत नाही. त्याला पाटी दिसते. भाजीला रंग आला की तो आपलं नाव घेतो आणि पोट बिघडलं तरी आपलंच नाव घेतो. कागद करायचे ते एवढ्याचसाठी.

आपल्या ओळखीतल्या एका गटाचं काय झालं ते आधी सांगते. नाव-गाव सांगणार नाही, कारण त्या बायका अजून त्याच बाजारात माल विकतात. गट अकरा जणींचा, काळा मसाला करणारा. दोन तालुके सोडून एका बाईने नाव मागितलं. अध्यक्षांनी शंभराच्या स्टँपवर दोन ओळी लिहून दिल्या. (तेव्हा शंभराचा चालायचा.) "आमच्या गटाचे नाव वापरण्यास आमची हरकत नाही. दरमहा पाच हजार रुपये मिळतील." खाली सही, शिक्का. सहा महिने पैसे वेळेवर आले. मग त्या बाईला आपल्याकडून मसाला नेणं महाग वाटायला लागलं. तिने तिकडेच मिरची घेतली, तिकडेच कांडली आणि पाकिटं मात्र आपल्यासारखीच छापून घेतली. त्यावर गटाचा अन्न परवाना क्रमांक तसाच ठेवला. एके दिवशी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिच्या दुकानातून नमुना उचलला. त्यात बाहेरचा रंग निघाला. नोटीस कुणाला आली? पाकिटावर क्रमांक ज्यांचा, त्यांना.

गटातल्या बाकी दहा जणींना तोवर पत्ताच नव्हता की आपलं नाव कुणाला दिलंय. नोटीस वाचायला बसल्या तेव्हा कळलं. पुढचं भांडण तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता त्या दोन ओळी पुन्हा वाचा. मुदत नाही. माल कुणाचा वापरायचा ते नाही. कुठल्या गावात, किती दुकानं, ते नाही. नाव परत कधी आणि कसं घ्यायचं, तेही नाही. आहे ते एकच: "हरकत नाही". वकिलाकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच ऐकावं लागलं की, ताई, तुम्हीच तर लिहून दिलंय.

पहिला कागद आपल्याच घरातला

सगळ्यात आधी गटाचा ठराव. इतिवृत्ताच्या वहीत, बैठकीची तारीख घालून, हजर असलेल्यांच्या सह्यांसह. कुणाला नाव द्यायचं, कुठल्या मालासाठी, किती वर्षांसाठी, आलेला पैसा कोणत्या खात्यात जमा होणार आणि गटाच्या वतीने सही कोण करणार. सहीला दोघी असाव्यात असं माझं मत आहे. अध्यक्षा कितीही चांगली असली तरी. हा ठराव नसेल तर उद्या समोरची बाई म्हणेल "मला गटाने परवानगी दिली", गट म्हणेल "आम्ही नाही दिली", आणि मधे अध्यक्षा अडकेल.

मग प्रश्न येतो की नाव मुळात कुणाचं. बचत गट ही अनौपचारिक संघटना आहे. ठरावावर बँकेत खातं निघतं, कर्ज मिळतं, पण दहा वर्षांचा हक्क नावावर करून घ्यायला आणि गरज पडली तर कोर्टात उभं राहायला नोंदणी झालेली संस्था असलेली बरी. बायका आल्या-गेल्या, गट मोडला, नवा झाला, असं चालू राहतं. नोंदणीकृत संस्था मात्र टिकते. त्यासाठी रस्ते बरेच आहेत. माल तयार करणाऱ्या दहा जणी एकत्र आल्या की कंपनी कायदा २०१३ खाली उत्पादक कंपनी काढता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली सहकारी संस्था करता येते. अगदी तीन-चार जणींचाच धंदा असेल तर भागीदारी संस्थाही चालते, पण ती नोंदवून घ्या. नोंद नसलेल्या भागीदारीला करारावरून दुसऱ्यावर दावा लावता येत नाही, असं भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ मध्ये आहे.

सर्वात वाईट काय, तर सोपं पडतं म्हणून एकीच्या वैयक्तिक नावावर सगळं करणं. आज ती तुमची जिवाभावाची आहे. पण कायद्याने ते नाव तिचं झालं, आणि तिच्यानंतर तिच्या वारसांचं. अकरा जणींनी दहा वर्षं मिरच्या कांडून कमावलेलं नाव एका घरात गेलं. कुणी वाईट असायचीही गरज नाही, नुसता कागद तसा असला की होतं.

ट्रेडमार्क: जे आपलं नाही ते देता येत नाही

नाव भाड्याने द्यायचं तर आधी ते आपलं असल्याचा कागद हवा. तो म्हणजे ट्रेडमार्क नोंदणी, ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहता येतं. अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,००० रुपये. सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र लागतं, आणि उद्यम नोंदणी फुकट असते. तिचे कुणी हजार रुपये मागितले तर देऊ नका.

"एका वर्गाला" म्हणजे काय? मालाचे आणि सेवांचे वर्ग पाडलेले आहेत. मसाला, पापड, चहा, पुरणपोळी हे तिसाव्या वर्गात येतात. लोणची एकोणतिसाव्यात. खानावळ त्रेचाळिसाव्यात. मसाल्यासाठी नाव नोंदवलं आणि फ्रँचायझी दिली खानावळीची, तर त्या खानावळीपुरतं आपलं नाव उघड्यावरच राहिलं. कोणता धंदा देणार आहात ते ठरवून वर्ग घ्या.

नाव कसलं घेता येतं, यावर पुष्कळ बायका अडतात. "घरगुती मसाले", "गावरान लोणचं", "शुद्ध तूप" ही नावं कुणालाच एकट्याला मिळत नाहीत, कारण ती नुसती मालाचं वर्णन करतात. नुसतं गावाचं किंवा जिल्ह्याचं नावही तसंच. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र मालाला लावून नोंदवता येत नाही. बोधचिन्हे व नावे कायदा १९५० च्या यादीतच ते आहे. उमेद किंवा माविमचं बोधचिन्ह आपल्या पाकिटावर असेल, तर ते आपल्याला वापरायला मिळालेलं आहे. ते पुढे कुणाला वापरायला द्यायचा हक्क आपल्याला नाही. फ्रँचायझीच्या पाटीवरून ते काढायलाच हवं.

अर्ज केल्यापासून पाटीवर टीएम लिहायला हरकत नाही. गोलातला आर मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच. मधल्या काळात अर्ज तपासला जातो, मग ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापला जातो, आणि त्यानंतर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. वेळ लागतो. तोवर फ्रँचायझी द्यायचीच असेल तर करारात स्पष्ट लिहा की अर्ज केलेला आहे, क्रमांक अमुक, नोंदणी व्हायची आहे. लपवू नका, उद्या तीच गोष्ट तुमच्यावर उलटेल.

आणि आपल्याआधी दुसऱ्याच कुणी ते नाव नोंदवलं तर? सगळं संपत नाही. जो आधीपासून सातत्याने नाव वापरतोय त्याचा हक्क कायदा मानतो, पण वापर सिद्ध करावा लागतो. म्हणून जुनी बिलं, जुनी पाकिटं, सरस-मेळाव्यातल्या स्टॉलची पावती, पेपरात आलेली बातमी, छापखान्याचं बिल हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा. जुनं पाकीट चुलीत घालू नका.

आणखी एक गोष्ट जी कुणाच्याच लक्षात येत नाही. आपल्या पाकिटावरचं चित्र, ती जात्यावर बसलेली बाई, ते काढलं कुणी? तालुक्यातल्या डीटीपीवाल्या पोराने. आपण त्याला पैसे दिले म्हणून चित्र आपलं झालं असं समजू नका. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर तो हक्क पाचच वर्षांचा धरला जातो. त्याच्याकडून अर्ध्या पानाचं लिहून घ्या की हे चित्र अमुक रकमेला, कायमचं, गटाला दिलं. बिल देतानाच घेतलं तर तो हसत सही करतो. धंदा मोठा झाल्यावर मागायला गेलात तर भाव सांगतो.

पाककृती दाखवण्याआधी

फ्रँचायझी मागणारी बाई पहिल्या भेटीतच म्हणते, "एकदा करताना बघू द्या की." आपण चहा ठेवतो आणि दगडफूल किती, खोबरं किती भाजायचं, सगळं सांगून मोकळ्या होतो. मग ती परत येतच नाही.

मसाल्याच्या प्रमाणाला ट्रेडमार्कसारखी नोंदणी नसते. ते गुपित आहे तोवरच आपलं आहे. त्यामुळे मुख्य कराराच्याही आधी एक छोटा गोपनीयतेचा करार करतात. मला जे दाखवलं जाईल ते मी दुसऱ्याला सांगणार नाही, व्यवहार जुळला नाही तर स्वतःही वापरणार नाही, दिलेले कागद परत करीन. एका पानाचं काम आहे.

पण खरं सांगू? कागदापेक्षा चांगला उपाय आपल्या आजीने सांगितलेला आहे. प्रमाण सांगूच नका, तयार माल द्या. मूळ मसाला आपल्या केंद्रातून जाईल आणि ती तिकडे फक्त पाकिटं भरेल किंवा भाजी करेल. चव एकसारखी राहते, गुपित राहतं आणि आपल्या बायकांच्या हाताला कामही राहतं. नुसतं नाव देऊन घरी बसून पैसे येतील, हा हिशोब गटाच्या धंद्यात मला तरी पटलेला नाही.

मुख्य करार

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा असा कायदा नाही. भारतीय करार कायदा १८७२, ट्रेडमार्क कायदा आणि ज्या-त्या धंद्याचे नियम, यांच्यावरच सगळं चालतं. याचा अर्थ असा की करारात जे लिहिलंय तेवढंच आपलं संरक्षण. तोंडी करारही करारच असतो, पण भांडण झाल्यावर बोलणं सिद्ध कसं करणार? शिवाय नोंदणीकृत ट्रेडमार्क दुसऱ्याने वापरायचा तर संमती लेखी करारात असावी, असं ट्रेडमार्क कायदाच म्हणतो.

करार मराठीत करा. मराठीतला करार पूर्ण कायदेशीर असतो. समोरच्याला इंग्रजीतही हवा असेल तर दोन्हींमध्ये फरक निघाल्यास मराठी प्रत खरी धरायची, असं लिहून घ्या.

त्यात काय हवं ते त्या दोन ओळींच्या उलट विचार केला की आपोआप समजतं. कोणतं नाव आणि कोणतं चित्र, त्याचा नमुना सोबत जोडून. कोणता माल. कुठलं गाव आणि कुठलं दुकान, पत्त्यासह, म्हणजे तिने मामेबहिणीला दुसऱ्या गावात "तूही लाव पाटी" म्हणू नये. त्याच बाजारात आपण दुसरीला फ्रँचायझी देणार की नाही, हेही, कारण ते तिच्या पोटाचं आहे. मुदत किती? पहिल्यांदा देताय तर तीन वर्षांच्या पुढे जाऊ नका.

पैशाचं कलम नीट बसून लिहा. सुरुवातीची रक्कम एकदाच घ्यायची, की अनामत म्हणून परत करायची? दोन्ही असेल तर वेगवेगळी लिहा. "डिपॉझिट" असं मोघम लिहिल्यामुळे किती भांडणं झालीत. पुढे दर महिन्याचे पैसे दोन तऱ्हेने घेतात: विक्रीवर टक्का किंवा ठरीव रक्कम. टक्का ऐकायला बरा वाटतो. समजा महिन्याला दोन लाखांची विक्री, त्यावर तीन टक्के म्हणजे सहा हजार. पण विक्री दोन लाखांचीच झाली हे कळणार कसं? प्रत्येक गिऱ्हाईकाला बिल देणारं दुकान असेल तर टक्का ठेवा. आठवडी बाजारातला धंदा असेल तर ठरीव रक्कम, किंवा आपल्या मालाच्या दरातच आपला वाटा धरणं सोपं. वर्षातून किती वेळा हिशोब बघायला येऊ आणि कोण येणार, तेही लिहा.

आता दर्जा. माझ्या मते करारातलं सर्वात महत्त्वाचं कलम हे. मूळ मसाला आपल्याकडूनच घ्यायचा. पाकिटं आपण मंजूर केलेलीच छापायची आणि किती छापली त्याचं बिल पाठवायचं. आपली बाई न सांगता दुकानात जाऊन नमुना घेऊ शकेल. तक्रार आली तर चोवीस तासांत कळवायचं. चुकीचा माल सापडला तर काय, तेही: आधी लेखी सूचना, दुरुस्तीला अमुक दिवस, नाहीतर करार रद्द. अन्न विभागाचा दंड तिच्या चुकीने झाला तर तो तिने भरायचा, आणि आपल्याला भरावा लागला तर तिने भरपाई द्यायची. यासोबत एक पद्धतीची वही जोडा. स्वच्छता, साठवण, पाकिटावर काय छापायचं, पाटीचा रंग, भाव, सगळं त्यात. करारात "वहीप्रमाणे वागणे बंधनकारक" एवढं लिहिलं की वही कराराचाच भाग होते.

करार संपल्यावरचं कलम बहुतेक जणी विसरतात. पाटी किती दिवसांत उतरवायची? उरलेल्या पाकिटांचं काय? फोन नंबर, व्हॉट्सॲपचा ग्रुप, इन्स्टाग्रामचं पान आपल्या नावाने काढलं असेल तर ते कुणाचं? मी म्हणेन, पानं आणि नंबर पहिल्या दिवसापासून गटाच्या नावाने असू द्या आणि तिला वापरायला द्या.

इथे एक मर्यादा माहीत असू द्या. "करार संपल्यावर तू पाच वर्षं मसाल्याचा धंदाच करायचा नाही" असं लिहून घ्यायचा मोह होतो. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कुणाचा धंदा बंद पाडणारी अशी अट टिकत नाही. ती उद्या स्वतःच्या नावाने मसाला करू शकते, तो तिचा हक्क आहे. आपलं नाव, आपलं पाकीट आणि आपलं गुपित ती वापरू शकत नाही, एवढंच. पण करार चालू असताना "याच मालाचा दुसरा ब्रँड ठेवायचा नाही" ही अट चालते. १९९५ साली गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने करार चालू असतानाची अशी बंदी मान्य केली. बाटल्या भरणाऱ्या कंपनीला जे लागू, तेच मसाला भरणाऱ्या बाईला.

भांडण झालं तर कुठल्या कोर्टात, तेही लिहा. आपला जिल्हा लिहिला नाही तर तारखेला एसटीने तीन वेळा गाडी बदलून जावं लागेल. त्याआधी तालुका किंवा जिल्ह्याला दोन्ही बाजूंनी बसून बोलायची एक पायरी ठेवली तर बरंच तिथेच मिटतं.

स्टँप, सह्या, साक्षीदार

शंभराचा स्टँप आता विसरा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर आणि दोनशेच्या जागी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. करारातली रक्कम मोठी असेल तर मुद्रांक शुल्क रकमेच्या प्रमाणात जास्त बसू शकतं, ते मुद्रांक कार्यालयात किंवा वकिलाला विचारून भरा. कमी मुद्रांकावरचा करार कोर्ट पुरावा म्हणून घेत नाही, आधी फरक आणि दंड भरायला लावतं. मुद्रांक करार करणाऱ्यांपैकी एकाच्याच नावाने हवा आणि घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरायला हवा. भाच्याच्या नावाने कपाटात पडलेला स्टँप चालणार नाही. नोटरी केली म्हणजे मुद्रांक भरला असंही नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक पानावर दोघींच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार, आणि सोबत गटाच्या ठरावाची प्रत. सहीआधी करार बैठकीत मोठ्याने वाचा. वाचता न येणारी सदस्य आपल्यात असेल तर तिच्यासाठी, आणि वाचता येऊन न वाचणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

तिच्याकडून मागायचे कागद

नाव आपलं असलं तरी जागा तिची, त्यामुळे परवाने तिच्या नावाने हवेत. खाण्याचा माल असेल तर तिची स्वतःची अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना. दोन्हींपैकी काय, ते उलाढालीवर ठरतं. प्रत्येक जागेला वेगळा क्रमांक असतो. आपला क्रमांक तिच्या पाकिटावर कधीही छापू द्यायचा नाही. त्या अकरा जणींची सगळी गोष्ट या एका ओळीत आहे. पाकीट तिकडे भरलं जात असेल तर भरणाऱ्याचं नाव-पत्ता तिचा, वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा नंबर हे वजनमापाच्या नियमांप्रमाणे छापावं लागतं.

दुकान भाड्याचं असेल तर भाडेकरार बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. आपण तीन वर्षांचं नाव दिलं आणि तिची जागा अकरा महिन्यांची, तर पुढे काय, हे तिला आधीच विचारा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी, दुकान नोंदणी, पॅन, बँक खातं यांच्या प्रती कराराला जोडून ठेवा.

कराचं एक लक्षात असू द्या. नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण नाव वापरायला देऊन पैसे घेणं ही सेवा धरली जाते. ते पैसे सुरू झाले की आपण "फक्त माल विकणारे" राहत नाही आणि मर्यादा वीस लाखांवर येते. गटाची मसाल्याची विक्री आधीच पंचवीस लाखांची असेल तर महिन्याच्या पाच हजारांपायी नोंदणी करावी लागेल, आणि त्या फीवर अठरा टक्के कर लावावा लागेल. म्हणून सही करण्याआधी हिशोब लिहिणाऱ्याला विचारा, नंतर नाही.

आपणच फ्रँचायझी घेत असू तर

उलटंही घडतं. चहाचा, आइस्क्रीमचा, दुधाचा ब्रँड घ्या म्हणून लोक गटांकडे येतात. वर लिहिलेलंच सगळं आता आपण मागायचं. ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र दाखवा. चालू असलेल्या चार दुकानांचे पत्ते द्या, आम्ही जाऊन विचारू. भरलेली रक्कम परत मिळते की नाही, ते लिहून द्या. मोठ्या ब्रँडच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून आधी नोंदणी फी, मग अनामत, मग मशीनचे पैसे असं उकळणारे पुष्कळ आहेत. करार हातात येण्याआधी एक रुपयाही ऑनलाइन भरू नका. भरून बसलात तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा. जेवढ्या लवकर कळवाल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

त्या अकरा जणींचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचारालच. त्यांना वाचवलं ते साठ्याच्या वहीने. कोणत्या तारखेला किती मसाला कांडला, कुणाला किती दिला, हे सचिव ताईने रोज लिहिलेलं होतं. त्या पाकिटांवरच्या तारखेला त्या दुकानाला माल गेलाच नव्हता, हे त्यातून दाखवता आलं. पाटी उतरवायला मात्र आठ महिने, वकिलाची फी आणि छापलेल्या पाकिटांचे पैसे एवढं गेलं, कारण "हरकत नाही" असं लिहिलेलंच होतं. आता त्यांनी आणखी दोन गटांना सोबत घेऊन उत्पादक कंपनी काढली आहे आणि ट्रेडमार्कचा अर्ज कंपनीच्या नावाने केला आहे. मागच्या महिन्यात पुन्हा एकीने नाव मागितलं. त्यांनी तिला चहा दिला, गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली आणि भट्टीच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

तुमच्याकडे कुणाला असं दोन ओळींचं लिहून दिलेलं असेल, तर त्याची प्रत आणि ठरावाची वही घेऊन पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला या. मुदत न लिहिलेला कागदही बदलून घेता येतो. समोरच्या बाईशी गोडीत बोलणं चालू आहे तोवर ते सोपं असतं.